कुलूपवालीचं तिसरं उत्तर

१

सोमवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी मला कळलं की आमच्या कुलूपवालीचं तिसरं उत्तर चोरीला गेलंय. माझ्या तोंडून जो शब्द निघाला तो इथे लिहीत नाही, आई अजून चष्मा लावून सगळं वाचते.

नीट सांगते. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरवरचा गेम बनतो आणि बनलेला गेम मोडून दाखवायचं काम माझं. दिवसभर खेळायचं, चुका शोधायच्या, वहीत टिपायच्या. त्याआधी बावीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासली, त्यामुळे दुसऱ्याची चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. वय चौपन्न. सगळे मला ताई म्हणतात, कारण मालक माझा सख्खा धाकटा भाऊ आणि तो ताई म्हणतो. ऑफिसात तो साहेब. घरी बाब्या.

गेममध्ये तुम्ही एका कुलूपवालीचं आयुष्य जगता. आधी ती घडवायची. चेहरा निवडायचा आणि बळ, बुद्धी, वाणी, धीर यांत दहा गुण हवे तसे वाटायचे. मग तिला गावभर फिरवायचं आणि ठिकठिकाणी तुम्ही ठरवायचं, ती काय बोलेल, काय करेल. तुम्ही ठरवाल तशी पुढची गोष्ट वळते. मधोमध दरबाराचा प्रसंग येतो. राजा म्हणतो, तुरुंगाला असं कुलूप कर की जे कुणालाच उघडता येणार नाही. आता तुमच्यासमोर तीन उत्तरं असतात. पहिलं, ‘करून देते.’ दुसरं, राजावर हातोडा उगारायचा. तिसरं, ‘नाही. करणार नाही.’

शुक्रवारी सकाळी मी तपासलं तेव्हा तीन होती. सोमवारी दोनच.

त्या तिसऱ्या उत्तराच्या मागे आठ तासांची गोष्ट होती. मारामारी नाही, घोडे नाहीत. कुलूपवालीला राजवाड्यात डांबतात, एकेक माणूस तिला समजवायला येतो, आणि ती प्रत्येकाला नाही म्हणते. ती वाट मी अकरा वेळा खेळलेय आणि अकराही वेळा म्हाताऱ्या पहारेकऱ्यापाशी आले की उठून तोंड धुवून आलेय. ती लिहिली आमच्या लेखिकेनं. सव्वीस वर्षांची पोर. लिहिताना प्रत्येक वाक्य तोंडातल्या तोंडात बोलून बघते म्हणून आम्ही तिला पुटपुटी म्हणतो. अडीच वर्षं तिनं त्या गोष्टीला दिली होती.

मी उठून तिच्या टेबलाकडे धावले. खुर्ची रिकामी. टेबलावर पुठ्ठ्याचा खोका आणि त्यात तिचा कप, तिची शाल, तिच्या वह्या. कुणीतरी तिचं सामान भरून ठेवलं होतं.

“ताई,” केबिनमधून भावाचा आवाज आला. “आत ये. आणि दार लाव.”

२

“तिनंच काढलं,” बाब्या म्हणाला. “शुक्रवारी दुपारी एक पंचवीसला. तिच्या मशीनवरून, तिच्या नावानं. नोंद आहे.”

“ती कशाला काढेल? स्वतःच्या लेकराचा गळा कोण दाबतं?”

“राग. गुरुवारी मी तिला सांगितलं की वितरकांना ती वाट फार लांब वाटते, जरा कापू. ती भडकली. म्हणाली, करारात लिहिलंय, माझ्या संमतीशिवाय गोष्टीतलं एकही वळण काढायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी तिनंच उपटून फेकलं. मला तोंडघशी पाडायला.” त्यानं एक कागद माझ्यापुढे सरकवला. “तू फक्त अहवाल दे. तपासलं, लेखिकेनं स्वतः काढलं असं आढळलं. खाली सही. करार तिच्या बाजूनं मोडला. आज चारला गेम वितरकांकडे जाईल, तिच्या नावाशिवाय.”

“नावाशिवाय म्हणजे?”

“शेवटी यादी येते ना, त्यात तिचं नाव नसणार.”

अडीच वर्षांचं काम, आणि चार वाजता ती पोर त्यात कुठेच नसणार होती.

“अरे, पण एवढा आटापिटा कशाला? आपला प्रोग्रामर रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत ठेवतो. गुरुवारची काढली की मिनिटात उत्तर परत येईल.”

“नको,” तो जरा घाईनंच म्हणाला. “ती परत तेच करेल. जातोय तसा जाऊ दे.”

हे काही माझ्या डोक्यात शिरेना. घरातली वस्तू चोरीला गेली, तशीच दुसरी कपाटात आहे, आणि घरधनी म्हणतोय कपाट उघडू नका. पण भाऊ होता, रात्रभर झोपला नसावा असा चेहरा होता. मी ते तिथेच सोडलं.

“मी तपासल्याशिवाय सही करत नाही. तुला माहितेय.”

“चारपर्यंत तपास. लेखी पुरावा समोर आहे, ताई, उगाच शेंडी तुटो की पारंबी करू नकोस.”

पुटपुटी जिन्यात बसली होती. डोळे लाल, पण रडण्याचं काम आटोपलेलं.

“शुक्रवारी एक ते दोन कुठे होतीस?” मी पायरीवर शेजारी बसून विचारलं.

“गच्चीवर. एकटी.”

“कुणी पाहिलं?”

“नाही ना. म्हणून तर.” तिनं नाक ओढलं. “मशीन उघडंच होतं, नेहमी असतं. ताई, मला काढलंच असतं तर साहेबांच्या तोंडावर सांगून काढलं असतं. चोरून कशाला?”

“घाबरलीस?”

“नोकरीला नाही घाबरले. नोकरी मिळेल कुठेतरी. पण ते वाक्यन् वाक्य माझं आहे. उद्या मी कुणाला सांगितलं की हे मी लिहिलं, तर लोक हसतील. म्हणतील, नाव कुठेय तुझं?”

मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि तशीच उठून तिच्या मशीनपाशी गेले. पुराव्याचं म्हणाल तर मला एकच जागा माहीत होती. आमचा गेम दर पाच मिनिटांनी खेळणाऱ्याला न विचारता, त्यानं तोवर काय काय केलं याची स्वतःच नोंद ठेवतो, म्हणजे वीज गेली तरी खेळ वाया जात नाही. त्या नोंदी एका कोपऱ्यात पडून असतात आणि आम्हा दोघातिघांशिवाय कुणी तिकडे फिरकत नाही.

शेवटची नोंद शुक्रवारची होती. एक वाजून चाळीस मिनिटं.

उत्तर काढल्यावर पंधरा मिनिटांच्या आत कुणीतरी याच खुर्चीत बसून नवी कुलूपवाली घडवली होती.

३

मी प्रोग्रामरला हाक मारली. काहीही सांगा, तो आधी ‘नंतर’ म्हणतो, म्हणून त्याचं नाव नंतरराव. या वेळी मात्र चटकन आला.

“चोरानं कशाला खेळावं?” तो म्हणाला.

“दार लावल्यावर आपण एकदा ओढून बघतो ना? उत्तर खरंच गेलंय का ते बघायला. वाच.”

तो नोंद वाचू लागला आणि मी वहीत टिपू लागले. कुलूपवालीचा चेहरा पहिलाच, न बदललेला. दहाच्या दहा गुण बळाला. बुद्धी, वाणी, धीर सगळं शून्य. बटणांची मांडणी जशी गेम उघडल्यावर मिळते तशीच. सुरुवात पार तिच्या कुलपांच्या दुकानापासून. समोरच्या पुलावरून दरबार तीन मिनिटांवर, पण ही बाई पुलाकडे गेलीच नाही. वळसा घालून नदीकाठी गेली. तिथे पडलेली बादली उचलली. परत खाली ठेवली. होडीत बसली, दरबारात गेली, समोर दोनच उत्तरं आली, आणि खेळणाऱ्यानं गेम बंद केला.

नंतररावानं मान वर केली. त्याच्या कपाळावर आठी होती.

“ताई, ही वाट...”

“बोल की.”

“ही तर तुमची वाट आहे. बादलीबिदली सगळं. तुम्हीच शोधलीत, तुम्हीच सगळ्यांना शिकवलीत.” तो खुर्ची जरा मागे सरकवून माझ्याकडे बघायला लागला. “शुक्रवारी दीड वाजता तुम्ही कुठे होतात?”

४

घ्या! करायला गेले एक आणि माझ्याच गळ्यात घंटा. पण राग आला नाही मला त्याचा. विचारायलाच हवं होतं त्यानं.

“जेवणाच्या खोलीत होते. तू, मी, आपला चित्रकार. अधूनमधून सगळेच उठून गेलो. तू फोनवर, तो हात धुवायला, मी पाणी भरायला. साहेब केबिनमध्ये दार लावून. म्हणजे पुटपुटीला सोड, आपण चौघंही संशयित. झालं समाधान?”

“नाही झालं,” नंतरराव म्हणाला. शाबास.

त्या वाटेचं असं होतं. सहा महिन्यांपूर्वी गेम अर्धाकच्चा होता. कुलूपवाली पुलावर चढली की गेम बंद पडायचा. नदीकाठी होडीच यायची नाही, पण बादली उचलून ठेवली की यायची. का ते देवाला ठाऊक. पाहुण्यांसमोर लाज जाऊ नये म्हणून मी एक वाट आखून चिठ्ठीवर लिहून दिली होती: चेहऱ्यात वेळ घालवू नका, सगळे गुण बळाला द्या, पूल टाळा, बादली उचला, ठेवा. चिठ्ठी चित्रकाराला दिली प्रदर्शनासाठी, साहेबांना दिली पाहुण्यांसाठी. नंतरराव आणि पुटपुटी तेव्हा माझ्या मागे उभे राहून हसत होते. म्हणजे वाट पाचही जणांना ठाऊक.

पण तीन आठवड्यांपूर्वी नंतररावानं पूल दुरुस्त केला, होडीही. आता बादलीला कुणी हात लावत नाही. दर सोमवारी सकाळी आम्ही उभ्या उभ्या दुरुस्त्यांची यादी वाचतो, त्यात हे मोठ्यानं वाचलं गेलं होतं.

मी ठरवलं, कुणाची उलटतपासणी घ्यायची नाही. तोंडानं खोटं बोलता येतं. दहा गुण वाटताना कसलं बोलता येतंय! एकेकाला माझ्या शेजारी बसवायचं, कुलूपवाली घडवायला लावायची आणि दरबारात न्यायला सांगायची. बस्स.

नंतरराव पहिला. त्यानं सगळे गुण वाणीला दिले. “बघू तरी, नुसतं बडबडून किती लांब जाते,” म्हणाला. आणि मग त्यानं तीन बटणं एकदम दाबली नि थेट दरबारात. ही उडी फक्त कामाच्या माणसांसाठी ठेवलीय. ती तो वापरतो, मी वापरते, पुटपुटी वापरते.

“तू चोर असतास तर दुकानापासून चालत गेला असतास?”

“वेड लागलंय? तेवढ्यात दोन कप चहा झाला असता.”

पुटपुटीलाही बसवलं, तिला सूट नाही. तिनं धीराला सहा दिले, मग एक परत घेतला, मग पुटपुटत परत दिला. आणि तीही उडी मारूनच दरबारात गेली. दोनच उत्तरं बघून तिनं ओठ चावला आणि उठली.

मग चित्रकार. धिप्पाड माणूस, आम्ही त्याला रंगारी म्हणतो, डाव्या तळहाताच्या कडेला कायम शाई फासलेली. त्याला उडी ठाऊक नव्हती, म्हणून मी वही जवळ ओढली. त्यातून त्या तिसऱ्या वाटेनं त्याला सगळ्यांत जास्त राबवलं होतं.

“चाळीस चेहरे काढायला लावले तिनं तुला,” मी मुद्दाम टोचलं. “गेली ती वाट, तुझी पीडा टळली.”

“टळली?” तो खुर्चीत गर्रकन वळला. “ताई, चाळीस माणसं गेली माझी! त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या भुवया मी नऊ वेळा काढल्यात! ज्यानं हे केलं त्याचे हात मोडायला हवेत, आणि तुम्ही म्हणता पीडा टळली?”

एवढं बोलून त्यानं सगळ्यांत आधी बटणांची मांडणी उलटी केली, उजव्या हाताची डावीकडे. मग पंचवीस मिनिटं कुलूपवालीचं नाक घडवत बसला आणि गुण वाटायचे विसरूनच गेला.

“थांब,” मी म्हटलं. “मांडणी सरळ ठेवून खेळून दाखव बरं.”

“जमत नाही मला. जन्मापासून डावरा आहे.” तरी त्यानं प्रयत्न केला. कुलूपवाली दुकानाच्या दारावर आपटली, मग भिंतीवर आपटली, मग परत दारावर. पाच मिनिटं झाली तरी बाई दुकानाबाहेर पडेना. नंतरराव हसून हसून लोळायचा बाकी राहिला.

मला हसू आलं नाही. शुक्रवारच्या नोंदीत मांडणी सरळ होती, आणि पंधरा मिनिटांत चोर काम उरकून दरबार बघून आला होता. रंगाऱ्याला ते जन्मात जमलं नसतं.

मी वही मिटली. उडी माहीत नसलेली माणसं दोनच, त्यातलं एक आत्ताच सुटलं. सोमवारी दुरुस्त्यांची यादी वाचतो तेव्हा कोण कधीच नसतं, हेही मला चांगलं ठाऊक होतं. मी जिन्यात गेले आणि घरी आईला फोन लावला.

५

अडीच वाजता मी सगळ्यांना मोठ्या पडद्याच्या खोलीत बोलावलं. त्याआधी बाब्याच्या केबिनमध्ये जाऊन त्याला जेवायला बसवलं. “नको” म्हणत होता, पण मी समोर उभी राहिले.

“हे काय आता?” खोलीत येताच तो म्हणाला. “अहवाल झाला ना?”

“होतोय. पाठवायच्या आधी शेवटचा एकदा सगळ्यांनी मिळून बघू. साहेब, तुम्हीच खेळा. तुम्ही रोज संध्याकाळी घरी खेळता ना?”

“रोज,” तो पुटपुटीकडे न बघता म्हणाला. “शब्दन् शब्द वाचतो मी.”

“मग बसा. दुकानापासून दरबारापर्यंत.”

तो बसला. लोकांसमोर खेळायचं म्हटलं की त्याला आवडतं, लहानपणापासून आवडतं. चेहरा पहिलाच ठेवला. दहाच्या दहा गुण बळाला. नंतररावाची पाठ ताठ झाली. कुलूपवाली दुकानातून बाहेर आली, समोर पूल. बाब्यानं तिला डावीकडे वळवलं आणि नदीकाठी नेलं. ती वाकली, तिनं बादली उचलली, खाली ठेवली.

“बाब्या,” मी म्हटलं. ऑफिसात मी त्याला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. “बादली का उचललीस?”

“नाहीतर होडी येत नाही. तूच तर शिकवलंस.”

“तीन आठवडे झाले, होडी आपोआप येते. पूलही धड झालाय. लहान पोर खेळलं तरी पुलावरून जाईल. रोज खेळतोस आणि तुला हे माहीत नाही?”

त्याचा हात बटणांवरच राहिला.

“शुक्रवारी पुटपुटीच्या मशीनवर जो बसला तो असाच गेला,” मी पुढे म्हटलं. वही उघडायची गरज नव्हती, सगळं पाठ होतं. “पहिलाच चेहरा, सगळं बळ, नदी, बादली, होडी. नंतररावाला, मला, हिला उडी मारता येते. आम्ही चालत कशाला जाऊ? रंगारी डावरा, सरळ मांडणीवर त्याची बाई दारातून बाहेर पडत नाही. आम्ही चौघंही दर सोमवारी यादी वाचतो, होडी दुरुस्त झाल्याचं चौघांनाही माहीत. सहा महिन्यांपूर्वीच्या माझ्या चिठ्ठीवर अजून चालणारा माणूस या ऑफिसात एकच आहे.”

“सवय असते माणसाला!” तो उसळला. “एवढ्यावरून तू सख्ख्या भावाला...”

“एवढ्यावरून नाही. सकाळी मी म्हटलं, प्रत काढू आणि उत्तर परत आणू, तर तू नको म्हणालास. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण भाऊ आडवा आला. नुसतं उत्तर काढून कुणालाच काही मिळणार नव्हतं, कारण ते मिनिटात परत येतं. तुला पाहिजे होता तो ठपका. तिनं काढलं असं ठरलं की करार मोडतो, वाट कापता येते, आणि वर तिचं नावही जातं. तू उत्तर नाही चोरलंस, बाब्या. तू हिचं नाव चोरलंस.”

तो उभा राहिला. मला वाटलं ओरडेल. पण त्यानं घड्याळ बघितलं, आणि त्याच्या तोंडावर एक अगदी थंड भाव आला.

“ठीक आहे,” तो म्हणाला. “समज मी केलं. मालक मी आहे. तुझी सही नसली तरी गेम चारला जाणार.”

६

“नंतरराव,” तो वळला. “गेम बांधून पाठवायला घे.”

“नंतर,” नंतरराव म्हणाला.

“नंतर म्हणजे कधी?”

“ते मलाही माहीत नाही, साहेब.” त्यानं हाताची घडी घातली. रंगाऱ्यानं खुर्ची ओढली आणि दारापाशी जाऊन बसला, एवढा मोठा माणूस, दार दिसेनासं झालं.

बाब्या माझ्याकडे आला. आवाज खाली आला होता. “ताई, तुला कळत नाही. वितरक म्हणाले, आठ तास नुसतं नाही-नाही कोण ऐकणार, कापा, नाहीतर आम्ही घेत नाही. मी तीनदा विचारलं हिला. ही ऐकेना. मी काय करायला हवं होतं?”

“चौथ्यांदा विचारायचं. आणि तरी नाही म्हणाली तर ऐकून घ्यायचं. तिचं होतं ते.”

“आणि आईला कळलं तर? तिला काय वाटेल याचा तरी विचार कर.”

“आईला मी दुपारीच फोन केला.”

त्याचा चेहरा पडला. “काय म्हणाली?”

“म्हणाली, त्याला आधी पोटभर जेवू घाल, मग सगळ्यांसमोर सांग. उपाशीपोटी अपमान सोसत नाही.”

तो खुर्चीत बसला. लहानपणी चोरी पकडली की बसायचा तसाच, गुडघे जवळ घेऊन. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? याला मी कडेवर घेऊन फिरवलाय. पण पुटपुटी समोर उभी होती, आणि तिलाही कुणीतरी कडेवर घेतलंच असेल ना!

नंतररावानं गुरुवारची प्रत काढली. मिनिटही लागलं नाही. पडद्यावर दरबार आला, राजा आला, आणि खाली तीन उत्तरं ओळीनं उभी राहिली.

बरोबर चारला टेबलावरचा फोन वाजला. बाब्यानं हात पुढे केला नाही. मी उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

“गेम आला नाही अजून,” वितरकांच्या बाई म्हणाल्या. “साहेब आहेत का?”

“आहेत, पण बोलण्याच्या अवस्थेत नाहीत. गेम आज येणार नाही. तो पूर्ण तपासून, सगळ्या वाटांसह येईल.”

“सगळ्या? ती लांब वाट कापायचं ठरलं होतं. आपण कोण बोलताय?”

“गेम तपासणारी. आणि साहेबांची मोठी बहीण, सख्खी. ठरलं नव्हतं, बाई. जिच्याशी ठरायला हवं होतं तिनं होकार दिलाच नव्हता. ती इथेच आहे, तिच्याशीच बोला.”

मी फोन पुटपुटीपुढे सरकवला. अडीच वर्षांत मी तिचा आवाज पूर्ण असा कधी ऐकलाच नव्हता.

“मी या गेमची लेखिका,” ती म्हणाली, खणखणीत. “एक वळणही निघणार नाही. तुम्हाला घ्यायचा असेल तर असा घ्या. नसेल घ्यायचा तर आजच सांगा, म्हणजे आम्ही दुसरीकडे विचारू.”

“कळवते,” आणि फोन बंद.

“बुडालो,” बाब्या म्हणाला.

“बुडालो तर बुडालो,” मी म्हटलं. “दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन तरंगायचं नाही. आता हिच्याकडे बघ आणि बोल.”

त्यानं बघितलं. “चुकलं माझं,” तो म्हणाला. “माफ कर.”

पुटपुटीनं मान हलवली. होकार नव्हता तो.

“लिहून द्या,” ती म्हणाली.

मी कागद पुढे केला. त्यानं लिहिलं आणि सवयीनं माझ्याकडे तपासायला दिलं. ‘आमच्याकडून अनवधानाने काही गैरसमज झाला’ अशी सुरुवात होती. मी पेन्सिल काढली. ‘आमच्याकडून’ खोडलं, ‘अनवधानाने’ खोडलं, ‘गैरसमज’ खोडलं, आणि कागद परत दिला. दुसऱ्यांदा त्यानं ‘माझ्या हातून चूक घडली’ असं लिहिलं. तेही मी परत दिलं. तिसऱ्यांदा त्यानं लिहिलं, ‘हे उत्तर मी काढलं आणि आळ तिच्यावर घातला.’ तेव्हा कुठे मी त्याला खाली सही करू दिली.